तीन पिढ्या, एक पडदा

व्यापारी घरांत एकेकाळी हिशेबाला बसण्यापूर्वी बैठकीची मांडणी होत असे. उतरते मेज पुढे ओढले जाई, उजेड वहीवर पडेल असा दिवा ठेवला जाई, चष्मा पुसला जाई आणि मगच रोजमेळाचे पान उघडले जाई. अक्षर ठसठशीत काढावे की बारीक, हे लिहिणाऱ्याच्या हाती असे. आता मेजाच्या जागी संगणक आला आणि वही पडद्यावर गेली. मांडणीचा विचार मात्र मागेच राहिला. दुकानातून आणलेला संगणक ज्या स्थितीत प्रथम चालू झाला, त्याच स्थितीत तो पाच-सहा वर्षे वापरला जातो. अक्षर बारीक असेल तर माणूस मान पुढे काढतो. यंत्राने माणसाशी जुळवून घ्यावे, हे कुणाला सुचत नाही.

असे एक कुटुंब डोळ्यांसमोर आणावे. घाऊक किराण्याचे दुकान, सत्तरी ओलांडलेले आजोबा, व्यवहार सांभाळणारा मुलगा, खरेदी-विक्रीच्या नोंदी ठेवणारी सून आणि महाविद्यालयात शिकणारा नातू. चौघांमध्ये संगणक एकच. आजोबांनी पन्नास वर्षे येण्या-देण्याची यादी स्वतःच्या नजरेखालून घातली. गेल्या दोन वर्षांपासून मात्र यादी समोर आली की ते म्हणतात, “तुम्हीच पाहा आता.” घरच्यांना वाटते, त्यांचे मन व्यवहारातून निघाले आणि धर्माराधनेकडे वळले. खरे कारण फार साधे असते. पडद्यावरचे अक्षर त्यांना दिसत नाही आणि तसे सांगण्याचा त्यांना संकोच वाटतो. एका न केलेल्या मांडणीपायी पेढीवरची सर्वांत जाणती नजर अशी नकळत बाजूला होते.

आधी अक्षर, मग बाकी सारे

विंडोज ही प्रणाली असलेल्या संगणकावर ‘विंडोज’ची कळ आणि ‘आय’ हे अक्षर एकत्र दाबले की ‘सेटिंग्ज’चे दालन उघडते. त्यात ‘ॲक्सेसिबिलिटी’ नावाचा विभाग असतो. विंडोज १० मध्ये त्याचेच नाव ‘ईज ऑफ ॲक्सेस’ असे आहे. तेथे अक्षराचा आकार १०० टक्क्यांपासून २२५ टक्क्यांपर्यंत वाढविता येतो. पट्टी सरकवताना नमुन्याचे वाक्य तेथेच मोठे होत जाते. ज्याला वाचायचे आहे त्यालाच समोर बसवावे आणि त्याला सहज वाचता येईल तेथे थांबावे. दुसऱ्याने अंदाजाने आकार ठरवू नये.

या सोयीने यादींची नावे, शीर्षके व सूचना मोठ्या होतात. परंतु हिशेबाच्या तक्त्यातील आकडे तसेच राहतात. त्यासाठी ‘डिस्प्ले’ विभागातील ‘स्केल’ १२५ किंवा १५० टक्के करावे. त्यामुळे चित्रे, चौकटी आणि आकडे सारेच वाढते. केवळ एखादा तक्ता मोठा पाहायचा असेल, तर ‘कंट्रोल’ची कळ दाबून माउसचे चाक फिरवणे पुरेसे होते. अनेक घरांत अक्षर वाढविण्यासाठी ‘रिझोल्यूशन’ कमी केले जाते. तो उपाय टाळावा. त्याने अक्षर मोठे होते, पण अस्पष्टही होते आणि डोळ्यांचा ताण वाढतो.

माउसचा बाण वारंवार हरवत असेल तर त्याच विभागात त्याचा आकार वाढवता येतो आणि रंगही बदलता येतो. संध्याकाळच्या कामासाठी ‘नाइट लाइट’ची सोय आहे, तिने पडद्याचा निळसर प्रकाश कमी होऊन तो पिवळसर होतो. काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरे तरुणांना आवडतात. वयस्क डोळ्यांना ती कधी सुखावतात, तर कधी अक्षराभोवती प्रकाश पसरल्यासारखा वाटतो. दोन्ही प्रकार दोन-दोन दिवस वापरून निर्णय घ्यावा. पडद्याचा उजेड खोलीच्या उजेडाशी मिळताजुळता असावा, हा नियम मात्र सर्वांनाच लागू पडतो.

जाणत्या नजरेने पकडलेली तारीख

एका रविवारी नातवाने आजोबांना समोर बसवून एवढे सारे केले. आजोबांनी पुरवठादारांची यादी वाचायला घेतली आणि तिसऱ्याच ओळीवर ते थांबले. “ही डाळ महावीर जयंतीच्या आधी आली होती. इथे अक्षय तृतीयेच्या नंतरची तारीख कशी?” सुनेने बिल काढून पाहिले. त्यावर ०५/०४/२०२५ अशी, म्हणजे ५ एप्रिलची तारीख होती. त्या वर्षी महावीर जयंती १० एप्रिलला आणि अक्षय तृतीया ३० एप्रिलला होती. पडद्यावर मात्र तीच नोंद ४ मे म्हणून बसली होती. सुनेने टंकलेले आकडे बरोबर होते. संगणकाने ते अमेरिकी पद्धतीने, आधी महिना आणि मग दिवस असे वाचले होते.

ही चूक किती महाग पडू शकते, हे व्यापाऱ्याला वेगळे सांगायला नको. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम २००६ नुसार नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून घेतलेल्या मालाचे पैसे, लेखी करार असला तरी, माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात. विलंब झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज देय होते. माल ५ एप्रिललाच स्वीकारला असेल, तर मुदत २० मे रोजी संपते. ४ मे धरून मोजली, तर ती १८ जूनपर्यंत लांबल्यासारखी दिसते. पडद्यावर मुदत शिल्लक दिसते. पुरवठादाराच्या वहीत मात्र व्याज चढू लागलेले असते आणि पिढ्यांची पतही हळूहळू झिजत असते.

हिशेबाच्या तयार प्रणालींत तारखेची व्यवस्था स्वतंत्र असते. परंतु घरोघरी एक्सेलच्या तक्त्यात ज्या याद्या ठेवल्या जातात, त्या संगणकाच्या प्रादेशिक मांडणीवर चालतात. ‘सेटिंग्ज’मध्ये ‘टाइम अँड लँग्वेज’ या विभागात भाषा व प्रदेशाचे पान असते. तेथे ‘रीजनल फॉरमॅट’ हा ‘इंग्लिश (इंडिया)’ असा निवडावा. मग तारीख आधी दिवस, नंतर महिना अशी वाचली जाते. आकड्यांतील स्वल्पविरामही आपल्या रीतीने पडतात. १,२३४,५६७ असे वाचताना लाखाच्या ठिकाणी नजर अडखळते. १२,३४,५६७ म्हटले की बारा लाख चौतीस हजार एका दृष्टिक्षेपात कळतात.

येथे एक सावधगिरी अत्यावश्यक आहे. मांडणी बदलल्याने जुन्या चुका दुरुस्त होत नाहीत. संगणकाने जी नोंद ४ मे म्हणून साठवली, ती नव्या मांडणीत ०४-०५-२०२५ अशी दिसेल. राहील ४ मेचीच. जैन दर्शनातील द्रव्य आणि पर्याय यांचा भेद ज्यांच्या परिचयाचा आहे, त्यांना हे लगेच उमजेल. दिसणे पालटले, आतील मूल्य तेच राहिले. म्हणून मांडणी बदलण्यापूर्वीच्या नोंदी मूळ बिलांशी ताडून पाहिल्याच पाहिजेत.

कोणत्या नोंदी संशयास्पद, हे ओळखण्याची एक खूण आहे. संगणकाला समजलेली तारीख चौकटीत उजवीकडे सरकून बसते. अमेरिकी मांडणीत १३/०४/२०२५ असे लिहिले तर तेरावा महिना नसल्याने संगणक ती तारीख मानत नाही. नुसता मजकूर म्हणून डावीकडे ठेवतो. एकाच रकान्यात काही तारखा डावीकडे आणि काही उजवीकडे दिसल्या, तर घोटाळा झाला असे समजावे. त्यातही डावीकडच्या नोंदी सहज सापडतात. उजवीकडे शिस्तीत बसलेल्या, महिन्याच्या पहिल्या बारा दिवसांच्या नोंदीच खऱ्या फसव्या असतात.

प्रत्येकाची स्वतंत्र बैठक

आजोबांसाठी अक्षर मोठे केले की नातवाची कुरकूर सुरू होते. त्याच्या पडद्यावर निम्मेच मावते. याचे उत्तर भांडणात नसून ‘अकाउंट्स’ या विभागात आहे. एकाच संगणकावर घरातील प्रत्येकासाठी स्वतंत्र खाते उघडता येते. ज्याने त्याने आपले खाते उघडावे. अक्षराचा आकार, रंग, पार्श्वचित्र ज्याचे त्याला मिळते. वस्तू एकच, पण पाहणाऱ्यागणिक तिचे दर्शन निराळे आणि आपापल्या जागी योग्य, ही अनेकान्ताची शिकवण येथे घरगुती रूपात उपयोगी पडते. मात्र प्रादेशिक मांडणीही खात्यागणिक वेगळी असते. ती आजोबांच्या खात्यात सुधारली आणि सुनेच्या खात्यात राहून गेली, तर नोंदी पुन्हा चुकतील.

या खात्यांचे दोन प्रकार आहेत. ‘ॲडमिनिस्ट्रेटर’ला नवी प्रणाली बसविण्याचा व सर्वांवर परिणाम करणारे बदल करण्याचा अधिकार असतो, ‘स्टँडर्ड’ खात्याला तो नसतो. तिजोरीची किल्ली सर्वांच्या कमरेला नसते, तसेच हे आहे. रोजचे काम ‘स्टँडर्ड’ खात्यातून करावे आणि अधिकाराचे खाते वेगळे ठेवून त्याचा पासवर्ड घरातील दोन जबाबदार व्यक्तींनाच ठाऊक असावा. जागेवरून उठताना ‘विंडोज’ची कळ व ‘एल’ दाबले की पडदा कुलूपबंद होतो. ही सवय दुकानात तर हवीच, घरीही असावी.

दिसत नाही ते दिसू द्यावे

विंडोज मूळ मांडणीत फाइलच्या नावाचा शेवटचा भाग लपवून ठेवते. या सवयीचा फायदा फसवणारे घेतात. ‘बिल.पीडीएफ.ईएक्सई’ या नावाची फाइल पडद्यावर ‘बिल.पीडीएफ’ अशी दिसते. बिल समजून ती उघडली की प्रत्यक्षात एक प्रणाली चालू होते. ‘फाइल एक्स्प्लोरर’ उघडून ‘व्ह्यू’ या यादीतील ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’ हा पर्याय निवडला की पूर्ण नाव दिसू लागते. दोन क्षणांचा हा बदल व्यापाऱ्याच्या संगणकावर सर्वांत आधी व्हायला हवा.

घड्याळाकडेही लक्ष असावे. संगणक आपोआप मागच्या वर्षांत जाऊ लागला आणि बँकेचे संकेतस्थळ सुरक्षिततेची तक्रार करून उघडेनासे झाले, तर दोष पुष्कळदा आतील नाण्याएवढ्या बॅटरीचा असतो. ती बदलून घ्यावी, वेळ आपोआप जुळण्याची सोय चालू ठेवावी आणि कालविभाग भारताचा, म्हणजे साडेपाच तास पुढचा, असल्याची खात्री करावी.

विंडोज १० वापरणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. या आवृत्तीचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. संगणक पूर्ववत चालतो. परंतु विस्तारित सुरक्षेच्या योजनेत नाव नोंदवल्याशिवाय सुरक्षेच्या नव्या दुरुस्त्या मिळत नाहीत. ज्या संगणकावरून बँकेचे व्यवहार होतात, त्याबाबत हा विषय पुढे ढकलू नये. विंडोज ११ मध्ये खालच्या पट्टीतील चित्रे मधोमध आल्याने वडीलधारी मंडळी गोंधळतात. ‘पर्सनलायझेशन’मधील ‘टास्कबार’च्या पानावर ती पुन्हा डावीकडे नेता येतात. वर्षानुवर्षांची सवय मोडण्याचे कारण उरत नाही.

पडद्यावरचा अपरिग्रह

शेवटी राहते ती शोभा. पार्श्वभूमीवर तीर्थक्षेत्राचे किंवा कुटुंबाचे छायाचित्र लावणे आनंदाचेच; पण त्यावर शंभर फाइली विखुरलेल्या असतील, तर ना दर्शन घडते ना फाइल सापडते. वर्षागणिक एक कप्पा आणि त्यात महिन्यागणिक बारा कप्पे केले, तर पडद्यावर चार-पाच चित्रे पुरतात. मराठीतून लिहिण्याची सोयही प्रणालीतच आहे. भाषेच्या पानावर मराठी जोडली की ‘विंडोज’ची कळ व ‘स्पेस’ दाबून दोन लिप्यांमध्ये ये-जा करता येते. ग्राहकाचे नाव आणि गाव त्याच्याच भाषेत लिहिले, तर स्पेलिंगच्या फरकाने एकाच माणसाची दोन खाती होण्याचा धोकाही कमी होतो.

दिवाळीला चोपडापूजन होते, नव्या वहीवर मंगल चिन्ह उमटते. त्याच दिवशी पाऊण तास काढून घरच्या संगणकाची ही मांडणीही तपासली जावी: अक्षर, तारीख, खाती, घड्याळ. सामायिकही साधारण तेवढ्याच अवधीचे असते; मनाला जशी स्थिर बैठक लागते, तशी हिशेबालाही लागते. आणि ही तपासणी करताना समोरच्या खुर्चीवर घरातील सर्वांत ज्येष्ठ व्यक्तीला बसवावे. तिला दिसू लागले की पेढीला पुष्कळ काही दिसू लागते.