कारचा सबवूफर दणकट आहे की नाही, हे ओळखायचं कसं?



दहावीला फ्लेमिंगचा डाव्या हाताचा नियम शिकवताना मी दरवर्षी विद्युत मोटारचं उदाहरण द्यायचो आणि पुढे जायचो. यंदा एका मुलाने वडिलांच्या गाडीतला जळालेला सबवूफर वर्गात आणला. वडील लग्नसराईत गाडी भाड्याने चालवतात. सबवूफर बारा इंची, उचलायला दोन्ही हात लागावेत इतका जड आणि खोक्यावर ठळक अक्षरांत २००० वॅट! घेऊन महिनासुद्धा झाला नव्हता. जळालेली कॉइल वॉरंटीत बसत नाही, असं दुकानदाराने सांगून टाकलं. मुलगा म्हणाला, "सर, एवढा हेवी होता, तरी गेला कसा?"

मग आम्ही तो उघडूनच बघितला.

आतली रचना नियमातलीच आहे. मागे चुंबक, त्याच्या अरुंद गोल फटीत तारेचं वेटोळं, म्हणजे व्हॉइस कॉइल, आणि कॉइलला चिकटवलेला कोन. कॉइलमधून विद्युतधारा गेली की तिच्यावर बल लागतं. धारेची दिशा उलटली की बलाची दिशाही उलटते. ४० हर्ट्झचा बेस वाजताना कोन सेकंदाला ४० वेळा पुढे-मागे होतो. या बिचाऱ्याला मरण यायच्या मुख्य वाटा दोनच, एक तर भाजून, नाही तर हिसके बसून. म्हणून सबवूफर घेताना दोन गोष्टी बघायच्या. उष्णता बाहेर जायची सोय काय आहे आणि हालचाल सांभाळतं कोण?

आधी उष्णता. मुलांना हे ऐकून धक्काच बसतो, की सबवूफरला दिलेल्या विजेपैकी जेमतेम एक टक्का, बऱ्याचदा त्याहूनही कमी, आवाजात बदलते. ५०० वॅट दिले तर सुमारे ४९५ वॅटची नुसती उष्णता. घरातली इस्त्री साधारण १००० वॅटची असते. म्हणजे अर्ध्या इस्त्रीची आच चहाच्या कपाच्या तोंडाएवढ्या वेटोळ्यात! गाणं कमी-जास्त होत असतं म्हणून ती निभावते, एवढंच. त्यामुळे पहिला प्रश्न कॉइलचा व्यास किती, हा विचारा. आमच्या सबवूफरची कॉइल मोजली तर दोन इंच भरली. एवढ्या कॉइलवर सतत २००० वॅट म्हणजे स्वप्नच. खोक्यावरचा आकडा क्षणभराच्या कमाल शक्तीचा होता. बघायचा तो आरएमएस आकडा, आणि तो बऱ्याचदा बारीक अक्षरांत असतो.

कॉइल गुंडाळलेली नळी कशाची आहे तेही विचारा. ॲल्युमिनियमची नळी उष्णता वाहून नेते, कॅप्टॉनची नळी उष्णता सोसते, साधी कागदी नळी हलक्या कामाला ठीक. चुंबकाच्या मागे मधोमध भोक असेल तर ते हवा खेळायला असतं. डिक्कीतल्या खोक्याच्या भिंतीला ते टेकवून बुजवू नका.

इथे वर्गासाठी एक छान गणित मिळतं. तांब्याचा रोध दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.३९ टक्के वाढतो. २० अंशांवरची कॉइल २०० अंशांवर गेली की तिचा रोध जवळजवळ १.७ पट होतो. धारा कमी, आवाज कमी. मग ऐकणारा काय करतो? आवाज आणखी वाढवतो! ॲम्प्लिफायर कुवतीबाहेर गेला की लहरींचे माथे सपाट होतात. उंची तीच राहिली तरी पूर्ण चौकोनी लहरीत साध्या लहरीच्या दुप्पट शक्ती असते. आमची कॉइल मला वाटतं अशीच गेली. वार्निश काळं पडलेलं, जळका वास, आणि मल्टिमीटर रोधच दाखवेना. ४ ओहमची चांगली कॉइल साधारण ३ ते ३.७ ओहम दाखवते. दुकानात मीटर घेऊन जायला लाजू नका.

आता हिसके. कोनाला मधोमध धरून ठेवतो तो आतला वळ्यावळ्यांचा कापडी स्पायडर, आणि कडेला असतो तो सराउंड. आवाज तेवढाच ठेवून कंपनसंख्या निम्मी केली, तर कोनाला चौपट अंतर हलावं लागतं. म्हणून खोल बेसला स्पायडरची खरी परीक्षा होते. कोनाच्या मध्यावर दोन्ही हातांची बोटं समान ठेवून हलकेच दाबा. कोन सरळ आत गेला पाहिजे. खरखर जाणवली तर कॉइल फटीत घासते आहे, तो घेऊच नका. कॉइलकडे जाणाऱ्या लवचीक तारा स्पायडरमध्ये विणलेल्या असतील तर उत्तम. लोंबत्या तारा कोनावर आपटून तुटू शकतात.

सराउंड फोमचा असेल तर आपल्याकडचा दमटपणा लक्षात घ्या. फोम काही वर्षांत भुसभुशीत होतो, कोकणात तर विचारूच नका. रबर जास्त टिकतं. कडेची टाकेबंद शिलाई मात्र कधी मजबुतीसाठी, तर कधी नुसती शोभेला असते.

आणि वजन? त्यावर फार भिस्त ठेवू नका. चुंबकाला जाडजूड रबरी टोपण घातलेलं असेल तर आतला फेराइट केवढा आहे ते दिसतच नाही. शिवाय कॉइलवर लागणारं बल फटीतल्या क्षेत्राची तीव्रता आणि तारेची लांबी यांवर ठरतं, किलोंवर नाही. बास्केट ओतीव ॲल्युमिनियमचं असेल तर ते पिळवटत नाही आणि उष्णताही खेचून घेतं, पण जाड पत्र्याचं चांगलं बास्केटही वर्षानुवर्षं टिकतं.

ॲम्प्लिफायर घेतानाही फ्यूज बघा. ३० अँपिअर गुणिले १४.४ व्होल्ट म्हणजे ४३२ वॅट. आत एवढंच सतत जाऊ शकत असेल, तर बाहेर सतत २००० येणार कुठून? हा हिशोब मुलांनीच फळ्यावर केला.

त्या सबवूफरचं बास्केट आणि चुंबक शाबूत निघालं. जवळच्या कारागिराने नवी कॉइल, स्पायडर आणि कोन बसवून दिला, तोही नव्या सबवूफरपेक्षा बऱ्याच कमी खर्चात. पण त्या मापाचे सुटे भाग मिळाले म्हणून. तेव्हा खरेदी करतानाच दुकानदाराला विचारून ठेवा, "याचं रिकोन किट मिळतं का?"