कॉम्प्रेसरचा काटा का उतरतो?



सायकलचा पंप आपण सर्वांनीच मारलेला आहे. दांडा ओढला की हवा आत येते, दाबला की ती ट्यूबमध्ये जाते आणि ट्यूबचा व्हॉल्व्ह तिला परत येऊ देत नाही. ट्रॅक्टरच्या चाकात हवा भरण्यासाठी किंवा यंत्रावरची धूळ उडवण्यासाठी आता पुष्कळ घरांतून छोटा कॉम्प्रेसर दिसतो, तो म्हणजे हाच पंप. फरक एवढाच, की हाताच्या जागी मोटार आली आणि ट्यूबच्या जागी लोखंडी टाकी आली.

हे यंत्र नवे असते तोवर तक्रार नसते. मग एके दिवशी मोटार घरघरत राहते, पण काटा चढत नाही. किंवा रात्री भरून ठेवलेली टाकी सकाळी रिकामी सापडते. अशा वेळी काहीजण लगेच पान्हा घेऊन हाती लागेल तो नट पिळू लागतात. तसे करू नका. आधी एक साधी परीक्षा घ्या.

टाकी पूर्ण भरा, मोटार बंद करा, प्लग काढा आणि नळीकडे जाणारी तोटी बंद करा. आता पंधरा मिनिटे थांबा. दाबलेली हवा तापलेली असते. ती निवताना काटा थोडा खाली येतो. त्याला गळती समजू नये. त्यानंतर काटा कुठे आहे ते लिहून ठेवा आणि तासाभराने पुन्हा पाहा.

काटा उतरला असेल तर हवा कुठून तरी निसटते आहे. वाटीत साबणाचा दाट फेस करा आणि ब्रशने एकेका सांध्यावर लावा. जिथे बुडबुडे फुगतील तिथे गळती. टाकीच्या बुडाशी असलेला पाणी काढायचा नळ आधी तपासा. त्याच्यात कचरा अडकून तो नीट बसत नाही, असे पुष्कळदा घडते. प्रेशर स्विचच्या आत मात्र साबणाचे पाणी जाऊ देऊ नका. मोटार थांबताना त्या स्विचपाशी क्षणभर फुस्स आवाज होतो, तो व्हायलाच हवा. पण सुसू आवाज चालूच राहिला, तर टाकीच्या तोंडाशी असलेली एकेरी झडप गळत आहे असे समजावे. तिच्यातून टाकीतली हवा उलटी येत असते. बहुधा झडपेतली घाण साफ करून किंवा तिची चकती बदलून काम भागते.

काटा स्थिर राहिला, पण टाकी भरायलाच फार वेळ लागतो, असे असेल तर दोष पंपाकडे आहे. आधी हवा आत घेणारी जाळी पाहा. धुळीने ती बुजली, की पंपाचा श्वास कोंडतो. मग पट्टा सैल होऊन घसरतो का ते पाहा. जाळीपाशी हात धरल्यावर हवा उलट बाहेर फेकली जात असेल, तर आतली झडप बिघडलेली आहे. हवेबरोबर तेल येऊ लागले, तर दट्ट्याच्या रिंगा झिजल्या असाव्यात. हे काम जाणत्या मिस्त्रीकडे द्यावे. नव्या यंत्राची टाकी किती मिनिटांत भरते, ते पहिल्याच दिवशी वहीत लिहून ठेवले, तर पुढे तुलना करता येते.

कधी कधी मोटार नुसती हुंकारते आणि सुरूच होत नाही. गावात विजेचा दाब उतरला, की असे होते. तेव्हा पुन्हा पुन्हा बटण दाबू नका, मोटार जळेल.

आता सर्वांत महत्त्वाचे. घरच्या यंत्रात दर चौरस सेंटीमीटरला 8 किलो, म्हणजे आपल्या बोलीत सुमारे 114 पौंड, एवढा दाब सहज असतो. टाकीचे तोंड 30 सेंटीमीटर व्यासाचे धरले, तर त्या एका टोकावर साडेपाच टनांहून अधिक जोर येतो. हा जोर पेलणारा पत्रा आतून गंजत असतो. हवेतली वाफ टाकीत निवून पाणी होते आणि बुडाशी साचते. कोकणात आणि पावसाळ्यात तर फारच. म्हणून काम संपले, की दाब उतरवून खालचा नळ उघडा आणि पाणी काढून टाका, रोज.

प्रेशर स्विच अडकला आणि दाब मर्यादेबाहेर गेला, तर हवा सोडून देणारी एक छोटी सुरक्षा झडप टाकीवर असते. ती सारखी सुटते म्हणून तिला तार बांधणे किंवा तिच्या जागी बूच बसवणे म्हणजे घरात सुरुंग ठेवणे होय. झडप सुटते, तेव्हा दोष शोधायचा तो स्विचमध्ये. तसेच, टाकीला गंजून भोक पडले तर वेल्डिंग करू नका. ती टाकी भंगारात काढा. शेतातला उरलेला पीव्हीसी पाइपही हवेसाठी जोडू नका. तो फुटला तर त्याचे तुकडे गोळीसारखे उडतात. कोणताही नट सैल करण्यापूर्वी प्लग काढा आणि काटा शून्यावर आणा.

शिक्षक मित्रांनी हे वर्गात सहज दाखवावे. सुई नसलेली नवी सिरिंज हवेने भरा, तोंड बोटाने बंद करा आणि दांडा दाबा. हवा दबते आणि सोडताच दांडा उसळून मागे येतो. हवा निम्म्या जागेत कोंडली, की दाब दुप्पट होतो, हा रॉबर्ट बॉइल यांनी 1662 साली मांडलेला नियम येथे बोटाला कळतो. आता तीच सिरिंज पाण्याने भरून दाबा. पाणी दबत नाही, म्हणून उसळतही नाही. टाकीची मजबुती हवेने न पाहता पाण्याच्या दाबाने का तपासतात, याचे उत्तर मुले स्वतःच देतील.

तेव्हा मंडळी, काटा उतरला तर फेसाची वाटी घ्या आणि काटा फार चढला तर आधी प्लग काढा. रोजचे पाणी काढायला दोन मिनिटे लागतात. ती दोन मिनिटे घरातल्या माणसांसाठी आहेत.