मुंबईला निघालात? आधी काम बघा, मग मुक्काम ठरवा

सुगी उरकली की गावोगावच्या लोकांच्या मुंबईला चकरा सुरू होतात. कुणाची फाईल मंत्रालयात, कुणाची तारीख हायकोर्टात, कुणाला पेशंट घेऊन ‘टाटा’ला जायचे, तर कुणाला वाशीच्या बाजारात मालाची पट्टी घ्यायची. गाडीचे तिकीट आपण आठवड्याआधी बघतो. मुक्कामाचे मात्र ‘पाव्हण्यांकडे उतरू की’ म्हणून मोकळे होतो.

पाव्हणे राहतात विरारला, नाहीतर कल्याणच्या पुढे. विरार ते चर्चगेट अंतर सुमारे ६० किलोमीटर. सकाळच्या लोकलमध्ये नवख्या माणसाला पाय ठेवायला जागा मिळत नाही. सोबत आजारी माणूस असला तर विचारूच नका. राहणे फुकट होते, पण कामाचा दिवस हातचा जातो.

मुंबई उत्तर-दक्षिण लांबट आहे. पश्चिम रेल्वे चर्चगेटहून विरारकडे, मध्य रेल्वे सीएसएमटीहून (जुने व्हीटी) ठाणे-कल्याणकडे आणि हार्बर मार्ग तिथूनच वाशी-पनवेलकडे जातो. आपले काम कोणत्या मार्गावर, हे आधी बघा.

मंत्रालय किंवा हायकोर्टाचे काम असेल तर दक्षिण टोकालाच राहा. मंत्रालय चर्चगेट स्टेशनपासून पायी गाठता येते. सीएसएमटीहून बेस्टची बस आहे. फोर्टात लॉज महाग वाटले तर मशीद बंदर, क्रॉफर्ड मार्केटच्या बाजूला साधे लॉज बघा. आमदार निवासात सोय हवी असेल तर आमदारसाहेबांचे पत्र तालुक्याला असतानाच घ्या. तिथे जाऊन फोनाफोनी करणे म्हणजे वरातीमागून घोडे. मंत्रालयात सामान्यांना प्रवेश ठरलेल्या वेळेतच मिळतो. ती वेळ आणि लागणारे ओळखपत्र निघण्यापूर्वी विचारून घ्या.

टाटा, केईएम, वाडिया ही तिन्ही रुग्णालये परळला आहेत. त्यासाठी परळ किंवा दादरलाच मुक्काम करा. कॅन्सरचा उपचार अनेकदा आठवडे चालतो, लॉजचे भाडे परवडत नाही. दादरला गाडगे महाराज मिशनची धर्मशाळा आहे, इतरही संस्था सोय करतात. मात्र जागा मर्यादित, मागणी फार. म्हणून पहिल्याच दिवशी रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात जाऊन राहण्याचे विचारा. फाटकाबाहेर ‘खोली देतो, नंबर लावतो’ म्हणणाऱ्याच्या हातात पैसे ठेवू नका.

वाशीचे गणित वेगळे. कांदा-बटाटा बाजार १९८१ मध्ये, तर फळ-भाजीपाला १९९६ मध्ये मुंबईतून तिकडे हलला. भाजीची उलाढाल पहाटे उजाडण्याआधीच सुरू होते. दादरला झोपून तो सौदा डोळ्यांनी बघता येणार नाही. वाशी, सानपाडा किंवा तुर्भे इथेच राहा; आपल्या अडत्याला आधी फोन करून सोय विचारा.

एकाच फेरीत दोन-तीन ठिकाणची कामे असतील तर दादर सोयीचे. तिथे पश्चिम आणि मध्य दोन्ही मार्ग मिळतात.

खोली घेताना चार गोष्टी विचाराच: भाडे चोवीस तासांचे की ठरलेल्या वेळेला खोली सोडायची? कर धरून एकूण किती? पेशंट असेल तर लिफ्ट आहे का? पक्की पावती मिळेल का? तलाठी, ग्रामसेवक मंडळींना प्रवासभत्त्याच्या बिलासाठी ही पावती उपयोगी पडते. पैसे खोली बघूनच द्या.

आणि पाव्हण्यांकडे जरूर जा, पण काम उरकल्यावर. तेव्हा घाई नसते, चहाही गोड लागतो. काम एका टोकाला अन् बिऱ्हाड दुसऱ्या टोकाला, एवढे मात्र करू नका.