भेंडीबाजार घराणे

हिंदुस्थानी संगीतातील ख्यालगायनाचे एक घराणे. ग्वाल्हेर, आग्रा, किराना, जयपूर इ. घराणी दरबाराच्या किंवा प्रवर्तकांच्या मूळ गावाच्या नावाने ओळखली जातात. ह्या घराण्यास मात्र मुंबईतील ज्या वस्तीत त्याचे प्रवर्तक बाहेरून येऊन राहिले, तिचे नाव मिळाले आहे.

भेंडीबाजार हा दक्षिण मुंबईत मोहंमद अली रस्त्यालगतचा दाट लोकवस्तीचा भाग. भेंडीच्या झाडांवरून हे नाव पडले, असे मानतात. एकोणिसाव्या शतकात बंदर, कापसाचा व्यापार व गिरण्या यांमुळे मुंबईकडे लोकांचा ओघ सुरू झाला. त्यात गुजरातमधील बोहरा व खोजा, कच्छ-काठेवाडातील मेमन, कोकणी मुसलमान इ. समाज ह्या परिसरात स्थिरावले. त्याच शतकाच्या उत्तरार्धात उत्तर प्रदेशातील मुरादाबादकडून छज्जूखाँ, नझीरखाँ व खादिम हुसेनखाँ हे तीन गायक बंधू येथे आले.

मुंबईत राजदरबार नव्हता. गवयाचा चरितार्थ मैफिली व शिकवण्या यांवर चाले. संगीताची आवड असणारा सुशिक्षित व व्यापारी वर्ग येथे वाढत होता. पारशी समाजातील ‘गायन उत्तेजक मंडळी’ (स्थापना १८७०) हे त्याचे ठळक उदाहरण, पं. विष्णु नारायण भातखंडे ह्यांच्या संगीताभ्यासास ह्या मंडळीचा मोठा लाभ झाला. गोव्यातील कलावंत घराण्यांतील स्त्रियाही विद्येसाठी व आश्रयासाठी मुंबईस येत. त्यांपैकी अंजनीबाई मालपेकर (१८८३–१९७४) ह्यांनी लहानपणापासून नझीरखाँकडे तालीम घेतली व पुढे कुमार गंधर्वांसारख्या गायकास मार्गदर्शन केले. अशा प्रकारे उत्तरेकडील उस्तादांची विद्या मराठी व कोकणी भाषकांच्या घरांत पोहोचली.

मोकळा आकार, दीर्घ दमसास, गमकयुक्त ताना व सरगम ही ह्या गायकीची प्रमुख लक्षणे होत. स्वरविस्तारासाठी मेरुखंड (खंडमेरू) पद्धतीचा उपयोग केला जातो. ह्या पद्धतीत ठराविक स्वरांचे सर्व क्रम शिस्तीने घोकतात. उदा., सा, रे, ग ह्या तीन स्वरांचे सारेग, रेसाग, सागरे, गसारे, रेगसा व गरेसा असे सहा क्रम होतात. चार स्वरांचे २४, तर सात स्वरांचे ५,०४० होतात. रागाच्या नियमांत बसणारे क्रम निवडून गायक आलाप बांधतो. हे गणित शार्ङ्गदेवाच्या संगीतरत्नाकर (तेरावे शतक) ह्या ग्रंथात आढळते.

छज्जूखाँचे पुत्र अमान अलीखाँ (मृ. १९५३) ह्यांनी घराण्यास नवे वळण दिले. कर्नाटक संगीताचा प्रभाव स्वीकारून त्यांनी सरगमेस लयीचे वैचित्र्य दिले. मध्यम व धैवत वर्ज्य असलेला हंसध्वनी हा मूळचा कर्नाटक राग हिंदुस्थानी संगीतात रुजविण्याचे श्रेय बव्हंशी त्यांना दिले जाते. ‘अमर’ ह्या मुद्रेने त्यांनी अनेक बंदिशी रचल्या. लता मंगेशकर ह्यांनी काही काळ त्यांच्याकडे शास्त्रीय संगीताचे शिक्षण घेतले. इंदूरचे अमीरखाँ (१९१२–७४) ह्यांच्या गायकीवरही ह्या घराण्याच्या मेरुखंडाचा खोल ठसा आहे.

विविध शिष्यांच्या द्वारे ही गायकी मूळ वस्तीबाहेर गेली. पुण्यात अमान अलीखाँचे शिष्य त्र्यंबकराव जानोरीकर (१९२१–२००६) ह्यांनी ती जतन केली. त्यांच्या शिष्या सुहासिनी कोरटकर (१९४४–२०१७) ह्यांनी ती पुढे नेली. तथापि घराण्याच्या गायकांची संख्या मर्यादितच राहिली. भेंडीबाजारातील जुन्या चाळी पाडून तेथे उंच इमारती उभारण्याची सु. १६.५ एकरांची योजना २००९ मध्ये हाती घेण्यात आली. त्यामुळे स्थलांतरितांच्या त्या जुन्या वस्तीचे स्वरूप पालटत असून तिची सांगीतिक स्मृती मुख्यतः ह्या घराण्याच्या नावात, बंदिशींत व तालमीत टिकून आहे.