विश्लेषण : कॅमेरा नको, डार्करूम नको… उन्हात उमटणारे ‘सायनोटाइप’ घरी कसे छापतात?

गर्द निळ्या कागदावर किंवा ओढणीवर पांढरी शुभ्र पाने-फुले उमटवणारी ‘सायनोटाइप’ छपाई दोन रसायने, ऊन आणि पाणी एवढ्यावर घरी करता येते. मात्र रसायनांबाबत निष्काळजीपणा धोक्याचा ठरू शकतो आणि चुकीच्या साबणाने धुतल्यास सगळी मेहनत वाया जाते.

ही पद्धत कुठून आली?

ब्रिटिश शास्त्रज्ञ सर जॉन हर्शेल यांनी १८४२ मध्ये ती शोधली. पुढच्याच वर्षी ॲना ॲटकिन्स यांनी समुद्री शैवालांचे सायनोटाइप असलेल्या ग्रंथाचा पहिला भाग काढला. छायाचित्रांनी सजलेले ते पहिले पुस्तक मानले जाते. नंतर इंजिनीअर आणि वास्तुविशारद नकाशांच्या प्रती याच पद्धतीने काढू लागले. निळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या रेषा, म्हणून ‘ब्लूप्रिंट’. आराखड्यासाठी आपण आजही वापरतो तो शब्द हाच.

निळा रंग कसा तयार होतो?

उन्हातील अतिनील किरणांमुळे फेरिक अमोनियम सायट्रेटमधील फेरिक लोहाचे फेरस लोहात रूपांतर होते. त्याची पोटॅशियम फेरिसायनाइडशी अभिक्रिया होऊन ‘प्रशियन ब्ल्यू’ हे न विरघळणारे रंगद्रव्य बनते. सावलीत राहिलेल्या भागातील रसायन पाण्यात धुऊन जाते आणि तिथे कागदाचा मूळ रंग दिसतो.

द्रावण कसे करायचे?

१०० मिली डिस्टिल्ड वॉटरमध्ये २५ ग्रॅम फेरिक अमोनियम सायट्रेट आणि दुसऱ्या १०० मिलीमध्ये १० ग्रॅम पोटॅशियम फेरिसायनाइड विरघळवावे. दोन्ही द्रावणे वेगवेगळ्या गडद रंगाच्या बाटल्यांत ठेवावीत. लागेल तेवढेच सम प्रमाणात ऐनवेळी एकत्र करावे.

कागदावर छपाई कशी होते?

खिडकीपासून दूर, मंद दिव्याच्या उजेडात जाड जलरंगाच्या कागदावर ब्रशने पातळ थर द्यावा. कागद अंधारातच पूर्ण वाळू द्यावा. त्यावर पान, फूल किंवा पारदर्शक शीटवर छापलेली फोटोची निगेटिव्ह ठेवून वर काच दाबावी. कडक उन्हात साधारण ५ ते २० मिनिटे लागतात, ढगाळ हवेत बराच जास्त वेळ. म्हणून आधी छोट्या तुकड्यावर चाचणी घ्यावी. पिवळट हिरवा थर निळा होत करडा दिसू लागला की कागद आत आणून, पिवळेपणा जाईपर्यंत पाण्यात धुवावा. सुरुवातीला निळा रंग फिका वाटला तरी हवेतील ऑक्सिजनमुळे तो दिवसभरात गडद होतो.

कापड कोणते घ्यावे?

सुती, रेशमी किंवा लिनन. पॉलिस्टरवर रंग नीट धरत नाही. नव्या कापडाला खळ असते. ती आधी धुऊन काढावी, नाहीतर डाग पडल्यासारखी छपाई होते. कापड द्रावणात भिजवून, पिळून अंधारात वाळवावे. पुढची कृती कागदाप्रमाणेच.

‘सायनाइड’मुळे विषबाधेचा धोका आहे का?

फेरिसायनाइडमधील सायनाइड लोहाशी घट्ट बांधलेले असते. त्यामुळे ते पोटॅशियम सायनाइडसारखे जहाल विष नाही. मात्र तीव्र आम्लाशी संपर्क आला किंवा ते खूप तापवले, तर विषारी हायड्रोजन सायनाइड वायू निघू शकतो. त्यामुळे ही रसायने टॉयलेट साफ करण्याच्या ॲसिडजवळ ठेवू नयेत. उरलेले द्रावण त्या ॲसिडसोबत टॉयलेटमध्ये ओतणे तर कटाक्षाने टाळावे. हातमोजे घालावेत, स्वयंपाकाची भांडी व चमचे वापरू नयेत. सायट्रेट आणि फेरिसायनाइड, दोन्ही मुलांच्या हाती लागणार नाहीत अशी ठेवावीत.

रंग टिकवायचा कसा?

प्रशियन ब्ल्यूचा खरा शत्रू अल्कली. धुण्याचा सोडा, डिटर्जंट पावडर आणि ब्लीच यांनी निळा रंग पिवळट पडतो आणि तो परत येत नाही. कपडा सौम्य, सोडाविरहित द्रव साबणाने गार पाण्यात हाताने धुवावा आणि सावलीत वाळवावा. उन्हामुळे फिकी झालेली छपाई मात्र काही दिवस अंधारात ठेवल्यास बऱ्याच अंशी पूर्ववत होते. त्यामुळे भिंतीवरची फ्रेम फिकी दिसली तर ती फेकण्याआधी कपाटात ठेवून पाहावी.