भागाकार पद्धतीने मसावि काढणे

दोन नैसर्गिक संख्यांचा महत्तम सामाईक विभाजक, अर्थात मसावि, त्यांचे अवयव न पाडता केवळ क्रमाने भागाकार करून काढण्याच्या रीतीस भागाकार पद्धत असे म्हणतात. ज्या संख्येने दोन्ही संख्यांना निःशेष भाग जातो, ती त्यांचा सामाईक विभाजक होय. अशा विभाजकांतील सर्वांत मोठा तो मसावि. ग्रीक गणिती युक्लिड याच्या नावावरून ही पद्धत युक्लिडची रीत म्हणूनही ओळखली जाते.

रीत

मोठ्या संख्येस लहान संख्येने भागावे. बाकी शून्य आल्यास लहान संख्या हाच मसावि असतो. बाकी उरल्यास आधीचा भाजक हा नवा भाज्य व उरलेली बाकी हा नवा भाजक मानून पुन्हा भागावे. बाकी शून्य येईपर्यंत हाच क्रम चालू ठेवावा. ज्या भाजकाने शेवटी निःशेष भाग जातो, तो भाजक म्हणजे मसावि; शेवटचा भागाकार नव्हे.

उदाहरण

१५१७ व ११४७ यांचा मसावि काढणे:

१५१७ = ११४७ × १ + ३७०
११४७ = ३७० × ३ + ३७
३७० = ३७ × १० + ०

म्हणून मसावि ३७ आहे. या दोन्ही संख्यांना ३१ पेक्षा लहान अशा कोणत्याही मूळ संख्येने भाग जात नाही. त्यामुळे मूळ अवयव पाडून मसावि काढू पाहणाऱ्यास बरेच भागाकार करून पाहावे लागतात. येथे तीन भागाकारांत उत्तर मिळते.

पद्धतीमागील कारण

भाज्य = भाजक × भागाकार + बाकी. एखाद्या संख्येने भाज्य व भाजक या दोहोंना निःशेष भाग जात असेल, तर भाज्यातून भाजकाची पट वजा करून उरलेल्या बाकीलाही तिने भाग जातो. उलटपक्षी, भाजक व बाकी यांना भागणारी संख्या भाज्यालाही भागते. म्हणजे प्रत्येक पायरीवर संख्यांची जोडी बदलते, परंतु तिचे सामाईक विभाजक तेच राहतात. बाकी नेहमी भाजकापेक्षा लहान असल्याने ती उतरत जाऊन अखेर शून्य होणे अटळ आहे. शेवटच्या जोडीतील मोठी संख्या लहान संख्येच्या पटीत असते. म्हणून ती लहान संख्या हाच मूळ जोडीचाही मसावि ठरतो.

इतिहास

इ.स.पू. ३०० च्या सुमारास युक्लिडने ‘एलिमेंट्स’ या ग्रंथाच्या सातव्या खंडात ही रीत सिद्धतेसह दिली. भारतात आर्यभटाने ‘आर्यभटीय’ (इ.स. ४९९) या ग्रंथात परस्पर भागाकाराचा उपयोग ‘कुट्टक’ या गणितासाठी केला.

भास्कराचार्यांनी ‘लीलावती’ (इ.स. ११५०) या ग्रंथात कुट्टकाच्या आरंभीच मसावि काढण्याची ही रीत सांगितली आहे. २२१ ला कोणत्या संख्येने गुणून ६५ मिळवले असता येणाऱ्या संख्येस १९५ ने निःशेष भाग जाईल, असे तेथील एक उदाहरण आहे. २२१ ला १९५ ने भागता बाकी २६, १९५ ला २६ ने भागता बाकी १३ आणि २६ ला १३ ने भागता बाकी शून्य येते. मसावि १३ ने तिन्ही संख्या भागल्यावर १७, ५ व १५ या लहान संख्या उरतात आणि गुणक ५ मिळतो: २२१ × ५ + ६५ = ११७० = १९५ × ६. मिळवायच्या संख्येस मसाविने भाग जात नसेल, तर उत्तर संभवत नाही. अशा उदाहरणास भास्कराचार्य ‘दुष्ट’ म्हणतात. मसावि अशा रीतीने उदाहरण सोपे करतो व ते सुटणारे आहे की नाही, हेही ठरवतो.

कोकणातील नांदगावचे गणेश दैवज्ञ यांनी इ.स. १५४५ मध्ये ‘लीलावती’वर ‘बुद्धिविलासिनी’ ही टीका लिहून तीत नियमांच्या उपपत्ती दिल्या. रत्नागिरी जिल्ह्यातील दापोली तालुक्यात मुरूड येथे जन्मलेले शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी ‘भारतीय ज्योतिःशास्त्र’ (१८९६) या ग्रंथात या दोन्ही आचार्यांचा परिचय मराठी वाचकांना करून दिला.

भागाकारांची संख्या

फ्रेंच गणिती गाब्रिएल लामे याने १८४४ साली असे सिद्ध केले की, लागणाऱ्या भागाकारांची संख्या लहान संख्येतील अंकांच्या पाचपटीहून अधिक कधीही नसते. १४४ व ८९ या जोडीस बरोबर १० भागाकार लागतात. ८९ ही दोन अंकी संख्या असल्याने हीच तिची कमाल मर्यादा होय.

उपयोग

अपूर्णांकास अतिसंक्षिप्त रूप देताना अंश व छेद यांना मसाविने भागतात; जसे ११४७/१५१७ = ३१/४१. दोन संख्यांच्या गुणाकारास मसाविने भागले असता त्यांचा लसावि मिळतो. तीन संख्या असल्यास प्रथम दोहोंचा मसावि काढून त्याचा व तिसऱ्या संख्येचा मसावि काढावा. २५२ सेंमी लांब व १९८ सेंमी रुंद ओट्यावर एकही लादी न कापता एकाच मापाच्या चौरस लाद्या बसवायच्या असतील, तर लादीची बाजू जास्तीत जास्त १८ सेंमी, म्हणजे या मापांच्या मसाविइतकी, घेता येते व १५४ लाद्या लागतात. संगणकावरील संदेश गुप्त ठेवण्याच्या आरएसए पद्धतीतही याच रीतीचा विस्तार वापरला जातो.