घराची साप्ताहिक सुट्टी

आठवड्यातून एक दिवस कामावर जायचे नाही, ही गोष्ट आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की ती कोणी आणि कशी मिळविली हा विचारही आपल्या मनात येत नाही. मुंबईत पहिली कापडगिरणी 1854 साली स्थापन झाली. त्यानंतर पस्तीस-छत्तीस वर्षे गिरणीकामगाराला हक्काचा असा सुट्टीचा वार नव्हता. उजाडले की भोंगा आणि मावळले की सुटका, असा त्याचा दिवस. 1884 साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी कामगारांच्या सभा भरविल्या आणि मागण्या लिहून काढल्या. दर रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा आणि वेळेवर पगार, या त्यांतल्या मुख्य. पुढे 24 एप्रिल 1890 रोजी सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली. तीत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. त्या काळी ही केवढी गोष्ट! शेवटी 10 जून 1890 रोजी गिरणीमालकांच्या संघाने साप्ताहिक सुट्टी मान्य केली.

आजचा विषय कुटुंबातील जिव्हाळ्याचा आहे आणि मी गिरण्यांचा इतिहास काय सांगत बसलो, असे आपल्याला वाटेल. पण चळवळीत वावरणाऱ्या माणसाला या इतिहासाने एक धडा चांगला शिकविला आहे. मालक म्हणतो, "काम कमी असेल तेव्हा देऊ की सुट्टी." आता काम कमी आहे हे ठरविणार कोण? तोच! म्हणून लोखंड्यांनी वार मागून घेतला. वार ठरला की तो मोडायला मालकाला कारण द्यावे लागते. वार ठरलेला नसेल तर सुट्टी मागायला कामगाराला कारण द्यावे लागते. घरात आपण अगदी त्या मालकासारखेच बोलतो. "सवड मिळाली की बसू निवांत," असे बायकोला सांगतो, मुलांना सांगतो, गावी असलेल्या आईला सांगतो. ती सवड कधी येत नाही, आणि दोष मात्र कोणाच्याच माथी लागत नाही.

आपल्या मालाडचेच पाहा. धीम्या लोकलने चर्चगेटला जायला सुमारे एक तास लागतो. घरापासून स्टेशनपर्यंतची रिक्षा किंवा बस, फलाटावरची रेटारेटी आणि परतीचा प्रवास धरला तर माणसाचे तीन तास रस्त्यातच जातात. माइंडस्पेसच्या बाजूला रात्रपाळी करणारी तरुण मुले सकाळी घरी येतात तेव्हा आईबाप कामावर निघालेले असतात. घरपोच सामान पोहोचविणाऱ्या मुलांना तर पाळीच नाही. फोन वाजला की निघायचे. नवरा-बायको दोघेही नोकरी करणारी, दोघांच्या सुट्टीचे वार वेगळे, अशी घरे मला ठाऊक आहेत. अशा घराला "एकमेकांना वेळ द्या" एवढाच उपदेश करणे म्हणजे उपाशी माणसाला पोटभर जेवायला सांगण्यापैकी आहे. असलेल्या थोड्या वेळाची राखण कशी करावी, हे सांगितले तर काही उपयोग.

गिरणगावात कोकणातले आणि घाटावरचे हजारो पुरुष कुटुंब गावी ठेवून राहत. एकेका गावाच्या मंडळींनी मिळून खोली घेतलेली असे, आणि दिवसपाळीवाला उठला की रात्रपाळीवाला त्याच जागी पाठ टेकी. जेवण खानावळीत. घराशी संबंध म्हणजे महिन्याची मनीऑर्डर आणि तिच्या खालच्या तुकड्यावर लिहिलेल्या दोन ओळी, आणि वर्षातून गणपतीला किंवा शिमग्याला गावी फेरी. या जीवनाचे गोडवे गाऊ नयेत. मागे राहिलेल्या बाईने एकटीने शेत, म्हातारी माणसे आणि पोरे सांभाळली, तिचे हाल जात्यावरच्या ओव्यांनाच माहीत. तरीही संबंध तुटले नाहीत, याचे एक कारण असे की तारीख ठरलेली होती. मनीऑर्डर कधी येणार आणि माणूस कधी येणार, हे घरातल्या पोरालासुद्धा ठाऊक असे.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. 18 जानेवारी 1982 रोजी गिरण्यांचा मोठा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. पुरुष महिनोन्‌महिने घरी होते, म्हणजे वेळच वेळ होता. त्या घरांतली, आता पन्नाशी-साठीला आलेली मुले सांगतात की वडील दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडलेले असत आणि घरात कोणी कोणाशी बोलत नसे. पोटाची काळजी माणसाला मुका करते. तेव्हा वेळ मिळाला की प्रेम आपोआप पाझरू लागते, हीही समजूत खरी नाही. वेळ हवा, तो ठरलेला हवा आणि त्या वेळात काय करायचे याची सवय हवी.

घरातल्या ठरलेल्या रीती आणि कुटुंबाचे स्वास्थ्य या विषयावर अमेरिकेतील बार्बरा फीस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मागील पन्नास वर्षांतील संशोधनाचा आढावा 2002 साली प्रसिद्ध केला. एकत्र जेवण, झोपण्यापूर्वीचा नेम, सणवार अशा साध्या गोष्टींचा मुलांच्या प्रकृतीशी आणि आईबापांच्या समाधानाशी संबंध दिसतो, असे त्यात आढळले. आपल्या आजीला हे सांगितले असते तर ती हसली असती. पण तपासून पाहिलेले असले म्हणजे बोलायला धीर येतो.

ही सवय लावायची कशी? रोज एकत्र जेवण शक्य असेल तर त्यासारखे दुसरे काही नाही. नसेल तर सकाळचा चहा चालेल. पंधरा मिनिटे, सगळे बसलेले, मोबाईल दुसऱ्या खोलीत. दुसरी खोली नसेल तर फळीवर, उपडे ठेवून. हा नियम मुलांच्या आधी वडिलांना लागू करावा, म्हणजे तो टिकेल.

त्या पंधरा मिनिटांत बोलायचे काय, ही खरी अडचण असते. आपण मुलांशी बोलतो म्हणजे बहुधा मुकादमासारखी हजेरी घेतो. अभ्यास झाला का, मार्क किती पडले, उशीर का झाला. अशा प्रश्नांना मूल एका शब्दात उत्तर देते आणि सुटका करून घेते. त्यापेक्षा आधी आपली हकिगत सांगावी. आज बोरिवलीला गाडीत चढायला जागा नव्हती, कारखान्यात नवे यंत्र आले आणि ते कोणालाच चालविता येईना, साहेबांनी माझ्यावर आवाज चढविला आणि मला वाईट वाटले. बाप काय काम करतो हे आपल्या कित्येक मुलांना ठाऊक नसते, फक्त पगार ठाऊक असतो. मोठ्या माणसाने "मला वाईट वाटले" असे म्हटलेले मुलाने ऐकले, तर पुढे स्वतःचे दुःख सांगायला त्याला शब्द सापडतात.

समोरासमोर बसून बोलणे कित्येकांना जमत नाही. त्यांनी हात कामात गुंतवावेत. मटार सोलताना, कपड्यांच्या घड्या घालताना, तांदूळ निवडताना माणसे मोकळी बोलतात, कारण नजर खाली असते. यात पुरुषांनी बसावे हे वेगळे सांगायला हवे. केंद्र सरकारने 2019 साली केलेल्या वेळ-वापराच्या पाहणीत असे दिसले की घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी 299 मिनिटे घालवितात, पुरुष 97 मिनिटे. आणि घरकामाला हात लावणारे पुरुष तरी चारांतून एकच. जिच्या वाट्याला पाच तासांचे हे बिनपगारी काम आहे, तिने संध्याकाळी हसतमुखाने गप्पा माराव्यात ही अपेक्षा कोणत्या न्यायाची? घरात बोलणे वाढवायचे असेल तर पुष्कळ घरी पहिली सुधारणा भांडी घासण्यात करावी लागेल.

भांडणाविषयी थोडेसे. दारात पाऊल पडताच तक्रार मांडू नये आणि पाळीवरून आलेल्या माणसानेही कामावरचा राग दारातच सोडू नये. वाटाघाटींत आम्ही आधी विषय आणि वेळ ठरवितो, आणि जे ठरले ते लिहून घेतो. पैशाच्या भांडणात घरीही हे करून पाहावे. अर्धी भांडणे आधी काय ठरले होते यावरूनच होतात.

महिन्यातून एकदा सगळ्यांनी बाहेर पडावे. त्यासाठी पैसे लागतात असे नाही. मार्वेहून होडीने मनोरीला जावे, किंवा डबा घेऊन आक्सा किनाऱ्यावर बसावे; आक्साला पाण्यात मात्र उतरू नये, तिथला समुद्र फसवा आहे.

एवढे करूनही घरातले एखादे माणूस झोपत नसेल, जेवत नसेल, जगण्यात अर्थ नाही असे बोलू लागले असेल, तर ते आळस किंवा नाटक समजू नये. त्याला डॉक्टरकडे न्यावे. केंद्र सरकारने ऑक्टोबर 2022 मध्ये टेलिमानस ही सेवा सुरू केली. 14416 या क्रमांकावर फोन केल्यास समुपदेशकाशी विनामूल्य बोलता येते.

राहता राहिला प्रश्न पाळीचा. तो घरात सुटण्यासारखा नाही. पुढच्या आठवड्यात कोणती पाळी हे शनिवारी रात्री कळत असेल तर तो माणूस घरी कोणता वार कबूल करणार? म्हणून पाळीचा तक्ता निदान पंधरा दिवस आधी लावावा, आणि नवरा-बायको एकाच ठिकाणी कामाला असतील तर दोघांना एकच सुट्टी द्यावी, या मागण्या पगारवाढीच्या शेजारी लिहिल्या पाहिजेत. सभेत पगाराच्या आकड्यावर टाळ्या पडतात, तक्त्यावर पडत नाहीत, हे मी जाणतो. पण तक्त्याचा प्रश्न निघाला की मागच्या रांगेतल्या बायका पुढे सरकून बसतात, हेही मी पाहिले आहे. तोवर ज्यांना आपली पाळी आधी कळते त्यांनी एवढे करावे: दोघांच्या पाळ्या एकाच कागदावर लिहून तो स्वयंपाकघरात लावावा, आणि दोघेही घरी असतील ते तास लाल पेन्सिलीने घेरून ठेवावेत.